भोपळ्यातले पाच

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा गुणफलक आहे, आणि गेल्या वर्षीच्या एका शुक्रवारपासून माझा पत्रा जाग्यावर नाही. वारा नसतानाही मी खडखडतो. लोक म्हणतात, मागचे बोल्ट ढिले झाले असतील. बोल्ट चांगले ठणठणीत आहेत. आनंद झाला की माणसं नाचतात, मी खडखडतो, एवढंच!

माझं पहिलं आयुष्य कुवेतमधल्या फरवानियात गेलं. तिथे मी एका बकाल्याची, म्हणजे किराणा दुकानाची, पाटी होतो. दुकान बंद पडलं तसा मी अम्गऱ्याच्या भंगारात येऊन पडलो. उन्हात पडून रंगाचे पापुद्रे मोजण्यापलीकडे मला काही काम नव्हतं. मला तिथून उचललं ते मुझफ्फरचाचांनी. चाचा मूळचे हर्णैचे. अम्गऱ्याच्या एका वर्कशॉपमध्ये ते वेल्डिंग करायचे आणि दुकानांच्या पाट्याही रंगवायचे.

एके दिवशी मीना अब्दुल्लाच्या रिफायनरीतले काही ऑस्ट्रेलियन त्यांच्याकडे आले. त्यांना मैदानावर रोवायला खांब हवे होते. एका टोकाला चार, दुसऱ्या टोकाला चार. चाचा म्हणाले, "गोलाला दोन खांब लागतात. तुमी चार-चार घेऊन काय मांडव घालताय?"

त्यांच्यासोबत राजाभाऊ होते, नाशिकचे इंजिनियर. त्यांनी वाळूत काटकीने चार रेघा ओढून समजावलं. हा ऑस्ट्रेलियन फुटबॉल. चेंडू अंड्यासारखा लांबट. मधल्या दोन उंच खांबांमधून लाथाडला तर गोल, सहा गुण. नेम चुकून बाजूच्या फटीतून गेला किंवा उंच खांबावर आपटला, तर एक गुण.

"चुकल्यावर पण एक?" चाचांनी विचारलं.

"चुकल्यावर पण एक."

चाचा हसत सुटले. मग हातातला वेल्डिंगचा चष्मा पुसत म्हणाले, "हा खेळ ज्यानं काढला तो मानूस चांगला असनार." त्या क्षणी ते त्या खेळाचे झाले. खांबांचे पैसे देऊन ऑस्ट्रेलियन निघाले, तेव्हा चाचांनी पदरचा एक गुणफलक त्यांच्या गाडीत चढवला. तो मी! पापुद्रे घासून त्यांनी मला काळा रंग दिला होता. वरच्या ओळीत 'आम्ही', खालच्या ओळीत 'पाहुणे', आणि आकड्यांच्या पाट्या अडकवायला प्रत्येक ओळीत दोन हूक. खांब आणि मी एकाच वर्कशॉपचे, म्हणून मी त्यांना भाऊच मानतो.

क्लबचं नाव कॉर्मोरंट्स. चाचा त्यांना 'आमचे पाणकावळे' म्हणत, कारण जर्सी काळी आणि हर्णैच्या खडकांवर पंख पसरून बसणारा पक्षीही काळा. पहिल्याच सामन्यात माझी फजिती झाली. कुवेतमध्ये खेळ आहे तर आकडे अरबी हवेत, असं समजून चाचांनी सगळ्या पाट्यांवर अरबी आकडे काढले होते. आता मित्रांनो, अरबी शून्य म्हणजे नुसता एक ठिपका असतो आणि अरबी पाच म्हणजे गोल गरगरीत, थेट आपला भोपळा. आमच्या संघाने पाच गुण केले, चाचांनी दिमाखात पाच लावले आणि कप्तान मैदानातून ओरडू लागला, "आमचं अजून शून्य कसं?" दुसऱ्या दिवशी चाचांनी प्रत्येक पाटीच्या पाठीवर इंग्रजी आकडा रंगवला. तेव्हापासून माझ्या पाट्या दुतोंडी आहेत. इंग्रजी तोंड लोकांकडे, अरबी तोंड माझ्याकडे.

आमच्या पाणकावळ्यांनी मला काय काय दाखवलं म्हणून सांगू! पहिल्या वर्षी एकही सामना जिंकला नाही. चौथ्या वर्षी अंतिम सामना गाठला आणि एका गुणाने हरले. एका! त्या संध्याकाळी चाचांनी पाट्या उतरवल्याच नाहीत, त्या आठवडाभर माझ्या छातीवर तशाच लटकत राहिल्या. सातव्या वर्षी पुन्हा अंतिम सामना, या वेळी चाळीस गुणांनी धुव्वा. तो मात्र फारसा लागला नाही. पुरतं पानिपत झालं की माणूस हसून मोकळा होतो, थोडक्यात गेलेलंच रात्रंदिवस टोचतं.

मग रिफायनरीचं मोठं काम संपलं आणि बरेच ऑस्ट्रेलियन मायदेशी गेले. मैदानावर सहा माणसं उरली. राजाभाऊंनी कॅन्टीनमध्ये चिठ्ठी लावली, 'खेळाडू पाहिजेत, अनुभव नको.' चिठ्ठी वाचून दोन आयरिश आले, चार मल्याळी आले, एक मिसरी, म्हणजे इजिप्तचा, पोरगा आला आणि पुण्याचा सलील आला. सलीलला वाटलं होतं की हा साधा फुटबॉल आहे. लांबट चेंडू बघून तो परत निघाला होता, पण चाचांनी त्याला कडक चहा पाजून थांबवलं. सलील पळायचा हरणासारखा, झेल टिपायचा घारीसारखा, पण लाथ मारली की चेंडू हमखास बाजूच्या फटीत. सगळे त्याला 'मिस्टर वन' म्हणायचे. तो ओशाळून माझ्याकडे बघायचा आणि चाचा एकाची पाटी वाजवून म्हणायचे, "गुण मिळालाय, सलीलभाऊ! फुकट नाय गेला!"

साथीच्या दोन वर्षांत मैदानाला कुलूप लागलं. मी वाळूत एका कुशीवर कलंडून पडलो होतो. माझ्या पाठीशी चिमण्यांनी घरटं केलं. दुसऱ्या कुणाला माझी आठवण झाली की नाही, ठाऊक नाही. कुलूप निघाल्याच्या दिवशी मात्र चाचा दोन बस बदलून आले आणि ओल्या फडक्याने माझं तोंड पुसून गेले. पिल्लं उडून जाईपर्यंत मला उभं करायचं नाही, असंही त्यांनी बजावलं.

गेल्या वर्षी माझ्यावर संक्रांत आली. क्लबच्या बैठकीत ठरलं की आता दिव्यांचा फलक आणायचा आणि जुना अम्गऱ्याला पाठवायचा. म्हणजे मी पुन्हा भंगारात! पण मला माझ्यापेक्षा चाचांची काळजी होती. त्यांचं वय झालं होतं, इकामा, म्हणजे तिथे राहण्याचा परवाना, पुढे वाढणार नव्हता. अठ्ठावीस वर्षांचं कुवेत संपवून ते आणि ताहिराचाची रविवारच्या विमानाने कायमचे गावी निघणार होते. आणि शुक्रवारी, सतरा वर्षांत तिसऱ्यांदा, पाणकावळे अंतिम सामना खेळणार होते. एकदा, फक्त एकदा, आपला संघ जिंकलेला बघून जावं, एवढंच त्यांचं मागणं होतं.

जुम्म्याची नमाज आटोपून चाचा आले, आणि काय आश्चर्य, मागून ताहिराचाचीही! सतरा वर्षांत त्या मैदानावर कधी फिरकल्या नव्हत्या. खुर्चीवर बसता बसता म्हणाल्या, "पाचला कार्गोवाला खोके न्यायला येनार हाय. तुमाला हितून उठवून न्यायला दुसरं कोन येनार? आनि तुमचे पाणकावले हरतात कसे, ते तरी बगते एकदा."

"आज नाय हरनार," चाचा म्हणाले. आणि माझ्या हुकांना शून्याच्या पाट्या अडकवू लागले.

त्या दिवशी वारा सुटला होता आणि हवेत धूळ भरली होती. समोरचे होते शहरातले ससाणे, दोनदा करंडक जिंकलेले. शेवटची पाच मिनिटं उरली तेव्हा माझ्यावर आकडे होते आम्ही त्रेचाळीस, पाहुणे पंचावन्न. चाची घड्याळ बघू लागल्या. तेवढ्यात आयरिश पोराने मधल्या खांबांतून चेंडू काढला, एकोणपन्नास! चाची घड्याळ विसरल्या. दोन मिनिटांत पुन्हा खांबांपाशी गर्दी, धुळीचा लोट, आरडाओरडा आणि चेंडू पार! गोलपंचाने एक झेंडा हलवला की दोन, ते धुळीत कुणाला धड दिसलं नाही. पण चाचांना दिसलं. त्यांची नजर सतरा वर्षं त्याच जागेवर असायची. दोन झेंडे, सहा गुण, पंचावन्न! बरोबरी! त्यांनी भराभर पाट्या बदलल्या. दशकाच्या हुकाला पाच. एककाच्या हुकालाही पाच.

आणि इथे घोटाळा झाला, मित्रांनो. दुसरी पाटी त्यांनी उलटी लावली! इंग्रजी पाच माझ्या छातीकडे आणि अरबी पाच, तो गोल भोपळा, लोकांकडे. मी खडखडलो, पाटी आपटून बघितली, पण वाऱ्यात माझं कोण ऐकतो? चाचांनी मागे सरून फलक नीट न्याहाळला आणि समाधानाने मान हलवली. अठ्ठावीस वर्षं कुवेतचे आकडे वाचलेल्या त्यांच्या डोळ्याला ते पंचावन्नच दिसत होते. बाकी सगळ्यांना दिसले पन्नास.

"म्हणजे गोल नव्हता तर, एकच गुण," शेजारी भोंगा घेऊन बसलेले राजाभाऊ घड्याळावरची नजर न हलवता पुटपुटले. खेळाडूंनाही तसंच वाटलं. इतकं धावल्यावर स्वतःचं नाव आठवलं तरी पुष्कळ, बेरीज कोण करतो?

काही सेकंद उरले. सलीलने तिघांच्या डोक्यांवरून उडी मारली आणि चेंडू छातीशी घट्ट झेलला. त्याच क्षणी राजाभाऊंनी भोंगा दाबला. वेळ संपली! पण भोंग्याआधी झेल घेतला असेल तर ती लाथ मारायला मिळते, असा नियम आहे. सलीलने माझ्याकडे बघितलं. पन्नास आणि पंचावन्न. पाच गुणांचं अंतर, म्हणजे गोलच हवा. मिस्टर वनला आयुष्यात पहिल्यांदा सहा हवे होते.

सलील धावला. त्याने लाथ मारली. चेंडू उंच गेला, सरळ गेला, अगदी मधोमध निघाला होता हो, आणि वाऱ्याने त्याला जरासा ढकललं. ठण्ण! चेंडू माझ्या भावावर, उंच खांबावर आपटला.

एक झेंडा हलला. सलील जमिनीवर पालथा पडला. आमचे खेळाडू डोकं धरून खाली बसले, ससाणे एकमेकांच्या गळ्यात पडले. आणि माझ्यासमोर एक म्हातारा खुर्चीवर उभा राहून नाचत होता! त्याच्या शेजारी त्याची बायको टाळ्या पिटत होती!

"अहो चाचा, हरलो आपण!" राजाभाऊ घाबरून म्हणाले. त्यांना वाटलं, चाचांच्या डोक्यावर परिणाम झाला. "नाचताय काय?"

"हरलो? पंचावन्न नि एक किती, राजाभाऊ?"

"पंचावन्न कुठले? पन्नास होते. ते बघा ना, शून्य आहे तिथे!"

"शून्य?" चाची कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "पाच हाय तो. बकाल्यात रोज वाचतंय मी. तुमी इंजिनियर ना हो?"

राजाभाऊ माझ्यापाशी आले. त्यांनी पाटी हुकावरून काढली आणि उलटी केली. पाठीवर इंग्रजी पाच होते. तोवर दोन्ही गोलपंच आपापले कागद घेऊन मध्यावर पोचले होते. त्यांच्या पेन्सिलीच्या रेघा जुळल्या. मुख्य पंच ओरडला, "कॉर्मोरंट्स छप्पन्न! ससाणे पंचावन्न!"

मित्रांनो, त्यानंतरचा गलका मला धड सांगताच येणार नाही. मिसरी पोराने जर्सी हवेत भिरकावली. मल्याळी भाऊ आयरिशांना उचलू लागले. ससाण्यांचा कप्तान क्षणभर हिरमुसला आणि मग हसत येऊन चाचांचा हात हलवू लागला. सलील अजून पालथाच होता. चाचा त्याच्यापाशी जाऊन वाळूत बसले.

"सॉरी, चाचा. आय मिस्ड. पुन्हा चुकलो मी."

"अरे, चुकलास म्हनून तर जिकलो!" चाचांनी त्याचं डोकं छातीशी धरलं आणि ते लहान मुलासारखे रडू लागले. तेरा वर्षांपूर्वी एका गुणाने गेलेला करंडक एका गुणानेच परत आला होता. चाचीही डोळे पुसत होत्या. कार्गोवाल्याचे सहा फोन येऊन गेले होते.

करंडक घेऊन सगळे माझ्यासमोर फोटोला उभे राहिले. राजाभाऊंनी तिथेच जाहीर केलं की दिव्यांचा फलक नको. निघताना चाचांना ते म्हणाले, "गावी न्यायला क्लबकडून काय देऊ?" चाचांनी माझ्याकडे बोट केलं आणि ती पाचाची दुतोंडी पाटी मागितली. रविवारी ती ताहिराचाचींच्या बॅगेत, साड्यांच्या घडीत बसून हर्णैला गेली. आता तिथे भिंतीवर टांगली आहे, असं सलीलच्या फोनवर मी पाहिलं. अरबी तोंड पुढे.

म्हणून मित्रांनो, एक विनंती करतो. घरातली जुनी वस्तू, आणि जुनं माणूसही, कामाचं राहिलं नाही असं वाटलं, तर अम्गऱ्याला पाठवण्याआधी एकदा उलटून बघा. जिथे भोपळा दिसतो, तिथे पाच असू शकतात.

आता पाट्या राजाभाऊ लावतात. आमच्या एककाच्या हुकाला पाच उरलेले नाहीत आणि नवी पाटी कुणी करू देत नाही. आम्हाला तिथे शून्य हवं असलं की ते शून्याच्या पाटीची ठिपक्याची बाजू लावतात. आणि पाच हवे असले की तीच पाटी फिरवून इंग्रजी शून्याचा गोल भोपळा लावतात. पाहुणे गोंधळून विचारतात, "यांचं शून्य कसं?" तेव्हा आमचं सगळं मैदान एका आवाजात ओरडतं, "पाच!"