कोरडी पडलेली चिंधी

मित्रांनो, मी नदीकाठच्या वेधशाळेतला एक जुना आर्द्रतामापक आहे. एका फळीवर पाऱ्याच्या दोन नळ्या, एवढाच माझा संसार. एका नळीच्या टोकाला चिंधी गुंडाळलेली असते आणि चिंधीचं शेपूट पाण्याच्या वाटीत बुडलेलं असतं. हवा कोरडी असली की चिंधीतलं पाणी भराभर उडून जातं, ती नळी गार पडते आणि तिचा पारा खाली राहतो. हवेत वाफ ठासून भरली की पाणी उडतच नाही. मग दोन्ही पारे बरोबरीला येतात.

ज्यांनी मला इथे टांगलं, ते निरीक्षक रोज संध्याकाळी वाटी भरायचे. मुलीला सांगायचे, "वाफ डोळ्यांना दिसत नाही गं. पण हवा गार झाली की तिचेच बारीक थेंब होतात आणि धुकं उतरतं. त्याच्या आधी ती फक्त ह्यालाच कळते." तेव्हा मला फार अभिमान वाटायचा. दोन्ही पारे जुळले की ते घाटावर लाल निशाण चढवायचे आणि त्यांचा धाकटा भाऊ होडी सोडायचा नाही.

पुढे त्यांची नजर गेली आणि मुलगी माझ्यापाशी आली. हुशार पोर, पण कामाच्या रगाड्यात वाटी उद्यावर जायची. वाटी आटली, चिंधी वाळून कडक झाली. मग काय, उडायला पाणीच नाही, पारे रोजच बरोबरीला! तीन दिवस तिने निशाण चढवलं आणि तिन्ही दिवस लख्ख ऊन पडलं.

"तुझ्या धुक्यात माझी टोपी वाळली की गं!" काका हसत म्हणाला.

ती ओशाळली. चौथ्या पहाटे पारे पाहून तिने मान झटकली. "म्हातारं झालंय हे, काहीही दाखवतं. जा काका, आज अडवत नाही."

त्या दिवशी मात्र हवा खरंच वाफेने गच्च भरली होती. मी ओरडू शकलो नाही. होडी मध्यावर असताना धुकं उतरलं, इतकं दाट की वल्हंसुद्धा दिसेना. होडी खडकावर फुटली. दुपारी ऊन पडलं तेव्हा काठाला फक्त काकाची टोपी लागली.

निरीक्षक चाचपडत माझ्यापाशी आले. चिंधीला बोट लावलं आणि खाली बसले. "पाणी घालत नव्हतीस?" त्यांनी एवढंच विचारलं.

मित्रांनो, आम्हा मुक्यांना म्हातारं ठरवण्याआधी एकदा हात लावून बघा. आमचं मागणं वाटीभर पाण्याचं असतं.

टोपी आता माझ्या शेजारच्या खिळ्याला असते. धुक्यात ओली होते, उन्हात वाळते. माझी चिंधी मात्र मुलगी कधीच वाळू देत नाही.