गुलाबी रंग लवकर आला

गॅसच्या जुन्या नळ्यांमुळे आमच्या शाळेची प्रयोगशाळा बंद पडली, तेव्हापासून माझी चार पोरं रसायनशास्त्र संगणकावर शिकतात. भांडी पडद्यावर, आम्लही पडद्यावर, आणि तोटी उघडायची माउसनं. गावाला हे मुळीच पटेना. शाळा समितीचा अध्यक्ष डेल रस्टाड गुरं पाळणारा माणूस. भर सभेत म्हणाला, "पडद्यावर गाय विते का? मग हे कसलं शिक्षण?"

सभा हसली आणि माझं टाळकं सटकलं. मी म्हटलं, यांतलं कुठलंही पोर कॉलेजच्या खऱ्या प्रयोगशाळेत उभं करा, आणि चुकलं तर वर्ग बंद करा. डेलनं लगेच डोक्यावरची हॅट काढून तीत चौघांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि एक उचलली. मॅरेन टोलेफसन!

वर्गात प्रयोगांची सगळ्यात जास्त वाट लावणारी पोरगी तीच. काय होतं ते बघायला सगळं द्रावण एकदम ओतून द्यायची. मी ओरडलो की म्हणायची, "कोच, इथं कुठं काही फुटतंय?" मी बास्केटबॉलही शिकवतो, म्हणून सगळ्यांचा कोच. तिला गुरांची डॉक्टर व्हायचंय. वर्ग बंद झाला तर ते स्वप्नही गेलं.

कॉलेजात प्रोफेसर ल्युसेरो बाईंनी काम दिलं ते व्हिनेगरमध्ये आम्ल किती आहे हे काढायचं. उभ्या नळीतून अल्कली थेंबथेंब सोडायची आणि खालच्या भांड्यात फिकट गुलाबी रंग टिकला की थांबायचं; किती अल्कली लागली त्यावरून आम्ल कळतं. मी आणि डेल मागे बसलो होतो. तोंड उघडायला बंदी होती.

मॅरेननं सुरक्षेचा चष्मा चढवला आणि तोटी उघडली. चार थेंब पडले न पडले तोच खाली गुलाबी रंग उमटला. तिनं तोटी बंद केली.

पोरीनं भांडं हलवलंच नव्हतं! पडद्यावरचं भांडं आपोआप ढवळलं जातं, त्यामुळे हातानं हलवायचं असतं हे तिला माहीतच नव्हतं. आता ती आकडा लिहिणार आणि सगळं संपणार. माझा उतरलेला चेहरा बघून डेल गालात हसला. त्याला तिथंच बदडावंसं वाटलं.

पण मॅरेन लिहीना. नळीकडे बघत पुटपुटली, "इतक्यात? शक्यच नाही." तिचा उजवा हात सवयीनं टेबलावर माउस शोधू लागला. तो तिथं नव्हता. मग त्याच हातानं तिनं भांड्याची मान धरली आणि भांडं गरकन फिरवलं.

गुलाबी रंग गायब!

मी खुर्चीतून अर्धा उठलो. शेवटच्या सेकंदाला बास्केट पडावी तसा आनंद झाला मला. आता ती एका हातानं थेंब सोडत होती, दुसऱ्यानं भांडं फिरवत होती. रंग यायचा, जायचा, परत यायचा. शेजारी डेल हॅट चुरगाळत पुढे वाकला होता. आणि एका थेंबाला रंग आला तो गेलाच नाही.

उत्तर बरोबर होतं. पहिला रंग फसवा आहे हे कसं कळलं, असं बाईंनी विचारलं.

"मी हे इतक्या वेळा बिघडवलंय," मॅरेन म्हणाली, "की बिघडलेलं लगेच ओळखू येतं."

डेल उठून टेबलापाशी गेला. जरा घुटमळला आणि हळूच म्हणाला, "मला एकदा फिरवू देतेस?"

"आधी चष्मा घाला, मिस्टर रस्टाड," मॅरेन म्हणाली, आणि आपल्या डोळ्यांवरचा काढून त्याला दिला.