चालकाशी बोलू नये

भिंगरीने पाण्याची बाटली आजीसमोर धरली. झाकण घट्ट बसले होते. आजीने ते उघडून दिले, बाटली परत तिच्या हातात ठेवली आणि पुन्हा मटार सोलायला घेतले. तोंडातून चकार शब्द नाही.

"थँक्यू, आजी."

आजीने सोललेलीच शेंग पुन्हा सोलली.

"आजी, मी थँक्यू म्हटलं."

सहा वर्षांची पोर बाटली छातीशी धरून थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि मग बाल्कनीच्या दारापाशी जाऊन भिंतीकडे तोंड करून बसली. सकाळपासून तिने असे सात-आठ प्रयत्न केले होते. शाळेला सुट्टी, त्यामुळे दिवस सरता सरत नव्हता. आजोबा वर्तमानपत्राआडून हे सगळे बघत होते. समोरचे पान त्यांनी तासाभरात उलटले नव्हते.

फ्रिजवर त्यांच्या लेकीच्या, म्हणजे भिंगरीच्या आईच्या, हातचा कागद चिकटवलेला होता. "सॉरी म्हणेपर्यंत, नाहीतर रात्री आठपर्यंत, भिंगरीशी कोणीही बोलायचे नाही. खाणेपिणे वेळेवर द्यायचे. मारायचे नाही, ओरडायचे नाही." पहिल्या ओळीखाली दोन रेघा मारल्या होत्या. त्या आपल्यासाठी आहेत हे म्हाताऱ्या जोडप्याला न सांगता कळले होते.

गुन्हा घडला होता, त्यात वाद नाही. लेक इस्पितळाच्या प्रयोगशाळेत रक्त तपासण्याचे काम करायची आणि सकाळी सातला निघायची. आज निघताना रात्री आतून कुलूप घातलेल्या दाराची किल्लीच सापडेना. जावई फिरतीवर. आजी-आजोबा नेहमीप्रमाणे पावणेसातला येऊन ठेपलेले, पण बाहेर. लेक आत अडकलेली. पाऊण तास बंद दाराच्या दोन्ही बाजूंनी शोधाशोध आणि सूचना चालल्या होत्या. शेवटी किल्ली निघाली कपडे धुण्याच्या मशीनमध्ये, साबणाची पावडर टाकायच्या कप्प्यात. तोपर्यंत तिकडे उपाशीपोटी आलेली माणसे दंडावरच्या बाह्या वर करून बाकावर ताटकळली होती, आणि लेकीला सगळ्यांदेखत बोलणी खावी लागली होती. भिंगरी शेवटपर्यंत "मला माहीत नाही" म्हणत राहिली. सॉरी म्हणायलाही तिने साफ नकार दिला.

कागद मोडायची सोय नव्हती. मागच्या महिन्यात भिंगरीला आठवडाभर गोष्ट बंद अशी शिक्षा झाली होती, आणि आजीने तिसऱ्याच दिवशी दोन गोष्टी सांगून टाकल्या होत्या. तेव्हा लेकीने स्पष्टच बजावले होते, की आम्ही लावलेली शिस्त पुन्हा मोडलीत तर पहिल्या तारखेपासून पाळणाघर. फॉर्म भरून तयार होता. दुधापेक्षा सायीवर माया जास्त असते म्हणतात. ती साय कोणी उचलून नेऊ नये म्हणून आजी सकाळपासून मूग गिळून बसली होती.

आजोबांनी वर्तमानपत्राची घडी घातली.

"भिंगरे, इकडे ये."

आजीचे हात थांबले. "अहो!"

"काय अहो?"

"कागद वाचलात ना?"

"वाचला. अक्षर छान आहे."

"चेष्टा पुरे. फॉर्म भरून ठेवलाय तिनं. पोर हातची जाईल."

"जाऊ दे पाळणाघरात. तिथं निदान कोणीतरी बोलेल तिच्याशी."

"तुम्हाला काय होतंय बोलायला!" आजीचा आवाज फाटला. "न बोलता राहायची सवय आहे तुम्हाला. मी कशी राहू तिच्याशिवाय?"

एकतीस वर्षे आजोबांनी शहराची बस चालवली होती आणि एकतीस वर्षे त्यांच्या डोक्यामागे पाटी होती, चालकाशी बोलू नये. ती पाटी ते संध्याकाळी घरीही घेऊन यायचे. लेक नऊ वर्षांची असताना नवराबायकोने अकरा महिने अबोला धरला होता. भांडण शिलाई मशीन कुठे ठेवायचे यावरून होते, की त्याच्या आडून दुसऱ्याच कशावरून, हे आता दोघांनाही धड आठवत नव्हते. स्वयंपाकघरात दोन हातांच्या अंतरावर दोघे उभे असायचे आणि मधे ही पोर. "आईला सांग, उद्या पहाटेची पाळी आहे." "बाबांना सांग, मग लवकर झोपा म्हणावं." आणि पोर सांगायची. एकही शब्द इकडचा तिकडे न करता सांगायची. शेजारीपाजारी कौतुक करायचे, काय समजूतदार मुलगी आहे म्हणून.

भिंगरी येऊन उभी राहिली. हे खरे की काय, अशा नजरेने ती बघत होती.

"किल्ली तू लपवलीस," आजोबा म्हणाले. "फार वाईट केलंस. आजारी माणसं उपाशी खोळंबली. तुझ्या आईला सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं. मला तुझा भयंकर राग आलाय."

भिंगरीचा चेहरा एकदम उजळला.

"किती राग?"

"बस भरून."

"दोन मजली बस?"

"दोन मजली. वर उभे राहिलेले वेगळेच."

ती त्यांच्या गुडघ्याला चिकटून बसली. रागावून घ्यायला एवढे आसुसलेले माणूस आजोबांनी उभ्या जन्मात पाहिले नव्हते. ते खाकरले.

"का लपवलीस?"

"कोणी विचारलंच नाही मला. सगळे 'कुठे' विचारत होते."

"मी विचारतोय, का."

"काल रात्री आई फोनवर म्हणाली, देवा, उद्या कामावर जावंच लागू नये." भिंगरीने आवाज खाली आणला. "म्हणून मी जाऊच दिलं नाही. पण मग ती रडायलाच लागली. मग मी कसं सांगणार?"

आजीच्या मांडीवरचे ताट कलले आणि मटार जमिनीवर घरंगळले. ते वेचायला कोणीच उठले नाही.

त्यानंतर आजोबा तीन तास बोलले. जेवणाच्या टेबलाच्या चार खुर्च्या एकामागे एक लावून त्यांनी बस केली. अरुंद गल्लीत बस वळवायची कशी, ब्रेक लागेनासे झाले तर काय करायचे, रोज शेवटच्या थांब्यावर उतरून उलट्या बसने घरी जाणारी ती बाई कोण होती, सगळे सांगितले. भिंगरी कंडक्टर झाली आणि तिने आजीला दोनदा उतरवून दिले. तिसऱ्यांदा आजी बोललीच, "अगं, तिकीट काढलंय मी!" मग कपाळाला हात लावून ती आत गेली आणि नवऱ्यासाठी कोमट पाणी घेऊन आली.

"घसा बसेल," ती म्हणाली. "सवय नाही."

साडेसातला लेक आली. बोलण्याचा आवाज तिला जिन्यातच ऐकू गेला असावा, कारण दार उघडले तेव्हाच तिचा चेहरा बंद झालेला होता. तिने खुर्च्यांची बस पाहिली, फ्रिजवरचा कागद पाहिला. भिंगरीकडे मात्र पाहिले नाही.

"सॉरी म्हणाली?"

"नाही," आजोबा म्हणाले.

"बाबा, ठरलं होतं ना आपलं?"

"तुझं ठरलं होतं. मला तू कागद दिलास."

"मारलं का मी तिला? आवाज तरी चढवला? दिवसभर उभी असते मी तिकडे. आल्यावर एवढंच हवं असतं, की सांगितलेलं झालेलं असावं." तिने पर्सचा पट्टा मुठीत आवळला. "आणि तुम्ही शिकवणार मला? तुम्ही?"

"मीच शिकवणार. अबोल्याच्या कामात माझ्याइतका मुरलेला माणूस तुला दुसरा मिळायचा नाही."

लेक झटक्यात आईकडे वळली.

"आई, बाबांना सांग, उद्यापासून यायची गरज नाही."

"अहो, ती म्हणतेय..." आजीने सुरुवात केली आणि मधेच तोंडावर हात ठेवला.

आजोबा दोन हातांच्या अंतरावर उभे होते. भिंगरी एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. लेकीचा चेहरा आधी लाल झाला, मग त्यातला सगळा रंग उतरला.

"मी इथंच आहे," आजोबा म्हणाले. "मला सांग."

तिने तोंड उघडले, पण तेच वाक्य त्यांच्याकडे बघून तिला म्हणता येईना.

"मग मी सांगतो. चौथीत तुझ्या बाईंनी चिठ्ठी दिली होती. मुलगी तीन आठवडे वर्गात एक शब्द बोललेली नाही, आईवडिलांनी येऊन भेटावं. मी सही केली आणि चिठ्ठी खिशात घातली. तुझ्या आईला दाखवली नाही. दाखवायची तर आधी मला बोलावं लागलं असतं."

"कसली चिठ्ठी?" आजीने विचारले. "अहो, कसली चिठ्ठी?"

"त्यानंतर आणखी चार महिने चाललं आपलं. ते चार महिने माझे एकट्याचे."

लेक खाली बघत होती. ती म्हणाली, "मला माहीत होतं आत काय लिहिलंय. वाटेत वाचली होती मी."

"मग आईला का नाही सांगितलंस?"

"तुम्ही सांगायला सांगितलं नव्हतं."

आजोबा खुर्चीची पाठ धरून उभे राहिले. आजीचा हात पुन्हा तोंडावर गेला होता. कोणी तोंडात मारली असती तर चालले असते, असे आजोबांना वाटले. पण मान त्यांनी खाली घातली नाही.

"उद्या पावणेसातला मी येणार," ते म्हणाले. "नको असेन तर दार उघडू नकोस. पाळणाघरात घालायचं तर घाल. पण ते मला तोंडावर सांग. आणि हिनं सकाळी तसं का केलं, ते मला कळलंय. मी सांगणार नाही. निरोप पोचवायचं काम या घरात आजपासून बंद."

त्यांनी चपला पायांत सरकवल्या. आजी हलली नाही, म्हणून तेही दारातच थांबले. भिंतीवरच्या घड्याळात आठला वीस मिनिटे कमी होती. लेकीने घड्याळाकडे पाहिले, मग फ्रिजकडे. दिवसभरात पहिल्यांदाच ती भिंगरीकडे वळली.

"सांग," ती म्हणाली. "सांग मला. का केलंस तसं?"

भिंगरीने आजोबांकडे पाहिले. ते मुद्दाम जिन्याकडे बघत होते. मग तिने आईला पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळले, ऐकून घ्यायच्या तयारीची दिसते की नाही ते.

"मोठं आहे," भिंगरी म्हणाली. "खाली बस."

पर्स खांद्यालाच होती. लेक तशीच, सांडलेल्या मटारांमध्ये, खाली बसली.