लेबलावरचा डोस

टिचकी हट्टी होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कीबोर्ड बडवण्यावरून ऑफिसात तिला हे नाव पडलं होतं आणि तिला त्याचं काही वाटत नसे. तीन महिने खपून तिने हॉस्पिटलच्या औषधविभागासाठी एक ऑब्जेक्ट, म्हणजे प्रोग्रॅममधली माहितीची एक पुडी, घडवला होता. औषधाचं नाव आणि डोस दोन्ही त्याच्या पोटात, पण बाहेरून अगदी साधा मजकूर. जोडा, शोधा, क्रम लावा, छापा. जुन्या प्रोग्रॅमना पत्ताही लागायचा नाही की हा पाहुणा आहे.

तिच्या साहेबांना ही सगळी थेरं वाटत. "मजकूर तो मजकूर. तुझं हे सोंग आजच्या चाचणीत एकदा जरी फसलं, तर सगळं काढून टाकायचं," असं त्यांनी बजावलं होतं. आणि मंजुरीची सही करणार कोण, तर औषधविभागाची प्रमुख, म्हणजे टिचकीची सख्खी आत्या. नात्यातली म्हणून सूट मिळेल असं कुणाला वाटत असेल, तर त्याने आत्याला पाहिलेलंच नाही.

चाचणी सुरू झाली. आत्याने चष्मा सारखा केला आणि यादीतलं सगळ्यात लांब नावाचं औषध निवडलं. लेबल बाहेर आलं. नाव होतं, डोस गायब.

"ही गोळी पोराची की म्हाताऱ्याची, कसं कळायचं गं?" आत्याने विचारलं. साहेब खुर्चीतून अर्धे उठलेच.

टिचकीने लेबल हातात घेतलं आणि घोळ तिच्या लक्षात आला. तिने सगळं स्क्रीनवर तपासलं होतं आणि स्क्रीनवर जागा ऐसपैस. लेबलावर मावतात वीसच अक्षरं, म्हणून छपाईचा प्रोग्रॅम मजकूर कापतो. कापलं तर काय करायचं, हे तिने ऑब्जेक्टला शिकवलंच नव्हतं. त्यामुळे कापलेला तुकडा साधा मजकूर होऊन निघत होता, डोस मागे टाकून.

"चूक माझी. अर्धा तास दे," ती आत्याला म्हणाली. "आणि साहेब, तुम्ही बसा."

साहेब बसले. विसाव्या मिनिटाला नवं लेबल आलं: नाव आखूड झालेलं, डोस शाबूत. पण आत्याचं समाधान एवढ्यात कुठलं. तिने लेबलाची रुंदी तीन अक्षरांवर आणली.

"छाप आता."

प्रिंटर ढिम्म. स्क्रीनवर ओळ उमटली: डोस मावत नाही, लेबल छापणार नाही.

"बघा," साहेब म्हणाले, "साधा मजकूर कधी नाही म्हणत नाही. फसलं की नाही सोंग?"

"नाही फसलं," टिचकी शांतपणे म्हणाली. "बाकी सगळीकडे तो मजकुरासारखाच वागेल. डोस टाकून द्यायची वेळ आली, तर नाही वागणार. मी मुद्दामच तसं लिहिलंय."

आत्याने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग तिने मंजुरीचा कागद पुढे ओढला.

"गेल्या वर्षी डोस तुटलेलं एक लेबल माझ्या हातून गेलं होतं," ती म्हणाली. "पोर वाचलं. पण त्या दिवशी मला कुणीतरी नाही म्हणायला हवं होतं."

आणि तिने सही केली.