पोटावरचा खडू

डॉक्टरांनी “खिसा” म्हटलं मात्र, शिंपीणबाईंचे कान टवकारले. पोटाच्या कातडीखाली खिसा करायचा, त्यात औषधाचा छोटा पंप ठेवायचा, पंपातून बारीक नळी पाठीच्या कण्यापर्यंत न्यायची. थेंब थेंब औषध तिथे गेलं की चार वर्षं ताठलेले पाय सैल पडतील, आणि बाई पुन्हा पायमशीन चालवतील. पण ज्या बाईने तीस वर्षं लोकांना खिसे लावले, तिचा खिसा दुसऱ्याच्या अंदाजाने कसा होणार?

ऑपरेशनच्या सकाळी डॉक्टर पेन घेऊन खूण करायला आले, तर पोटावर शिवणखडूची रेघ आधीच हजर.

“ही कमरपट्टी. खिसा हिच्या वर घ्या,” बाई म्हणाल्या. “मशीनवर वाकले की मांडीला टेकायला नको.”

डॉक्टरांनी त्यांना बसवून, वाकवून पाहिलं आणि त्याच मापावर पेन फिरवला.

पुढे महिनाभर डोस हळूहळू वाढत गेला. एके दिवशी डाव्या पायाचा घोटा वर-खाली हलला आणि बाईंनी घरी जायचा धोशाच लावला.

घरी नवऱ्याने आनंदाच्या भरात भलताच घोळ घालून ठेवला होता. मशीनचा चामडी पट्टा काढून त्याने मोटर बसवली होती. आता पायांना त्रास नाही, आवाज कमी, खालच्या शेजारणीची कटकटही नाही, असं तो कौतुकाने सांगत होता. बाईंचा चेहरा खर्रकन उतरला.

“अहो, पायांसाठीच तर पोट फाडून घेतलं मी.”

नवरा ओशाळला. रद्दीच्या गठ्ठ्याला बांधलेला पट्टा त्याने सोडवून आणला आणि पकडीने पुन्हा चढवला.

बाईंनी पायडलवर पाय ठेवले. चाक उलटं फिरलं, दोरा तुटला. ज्या चुकीसाठी नवशिक्यांवर ओरडायच्या, त्याच चुकीवर त्या स्वतःशीच हसल्या. दुसऱ्यांदा दोरा ओवला, पुन्हा तुटला. नवऱ्याने मदतीला चाकाकडे हात नेला. तो त्यांनी झटकून टाकला. तिसऱ्यांदा डाव्या पायाने दाबलं, उजव्याने साथ दिली, आणि मशीन खडखडत सुटलं. एक सरळ टीप, मग दुसरी, मग तिसरी.

तेवढ्यात खालून शेजारणीने झाडूचा दांडा छताला ठोकला. ठक ठक ठक, चार वर्षांत पहिल्यांदा.

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी पाय आणखी जोरात मारले.