चिक्कीचा गूळ

माझे दात सासूबाईंना लग्नाच्या आधीपासून खुपत होते. साताऱ्याला आमच्या घरी मला बघायला आल्या तेव्हा चहाचा कप खाली ठेवत माझ्या आईला म्हणाल्या, "दात जरा पुढं आहेत. पण फोटोत तोंड मिटून बसली की झालं." मी पोह्यांच्या ताटल्या हातात घेऊन समोरच उभी होते. त्यातली एक त्यांच्या मांडीवर पालथी करायला हवी होती. पण हेरंब आवडला होता, म्हणून गप्प बसले. लग्नाच्या अल्बममध्ये एकूण एक फोटोत माझं तोंड मिटलेलं आहे.

लग्नानंतर दोन वर्षांनी मी दातांना तारा लावून घेतल्या. वय वर्षं एकतीस. चेन्नईबाहेर ओरगडमच्या कारखान्यात मी गाड्यांच्या सांगाड्याचे वेल्ड तपासते. तिथल्या पोरांनी एक दिवस चेष्टा केली, दुसऱ्या दिवशी विसरले. घरी मात्र दोन वर्षं झाली तरी विषय संपला नव्हता. "शाळकरी पोरी लावतात तारा," सासूबाई म्हणाल्या. "घोडनवऱ्या नाही."

आम्ही राहतो चेन्नईतच, नुंगंबाक्कमला. सासरे, कृष्णकांत, रेल्वेत होते. सासूबाई त्यांच्याबरोबर या गावात आल्या त्याला आता चाळीस वर्षं होतील. चाळीस वर्षांत त्यांनी या गावाला स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडू दिलेला नाही. आमच्या घरात इडली होत नाही. भाकरी होते, ठेचा होतो, जाड्याभरड्या दाण्यांची चटणी होते. "मऊ खाऊन माणूस मऊ होतो," असं त्या म्हणतात आणि खालच्या मजल्यावरच्या श्रीरंजनी मामींच्या घराकडे बघून नाक उडवतात.

आता बघा, तारा लावलेल्या माणसाला देवानं गाव निवडून द्यायचं ठरवलं तर तो चेन्नईच देईल. इडली आहे, पोंगल आहे, इडिअप्पम आहे, दहीभात आहे, रसम भात आहे. चावायचं कामच नाही. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये मी राणीसारखी जेवायचे. घरी आले की ताटात भाकरी. बरं, मी काही फार मागत नव्हते. मऊ भात आणि वरण. त्यावर उत्तर ठरलेलं असायचं, "वेगळं शिजवायला हे हॉटेल आहे का?" मी स्वतः कुकर लावायला गेले तर, "माझ्या हातचं चालत नाही हिला," असं फोनवर साऱ्या नातेवाइकांना कळायचं.

माझ्या दातांच्या डॉक्टर जननींनी काय खायचं, काय नाही याची यादी दिली होती. मी ती फ्रिजवर लावली. चार दिवसांनी त्यावर दिनदर्शिका लटकली. मी दिनदर्शिका हलवली, ती परत आली. तोंड माझं होतं, पण फ्रिजवर अंमल त्यांचा.

दोन वर्षांत माझ्या दातांवरचं ब्रॅकेट, म्हणजे दाताला चिकटवलेली ती छोटी चौकोनी कडी, चारदा निघालं. पहिल्यांदा भाकरीच्या पोपड्यानं. दुसऱ्यांदा दिवाळीतल्या चकलीनं. तिसऱ्यांदा लोणच्यातल्या कोयीनं. चौथ्यांदा पातळ आमटीत सापडलेल्या सुक्या खोबऱ्याच्या तुकड्यानं, आणि तो तिथं कसा आला हे मला आजही कुणी सांगितलेलं नाही. दर वेळी महिना-दोन महिने पुढं गेले. हेरंबला सांगितलं की तो म्हणायचा, "ती मुद्दाम करत नाही गं." त्याला भाकरी चावता यायची, त्याला काय.

या वर्षी मात्र मी हट्टाला पेटले. माझा भाऊ शार्दूल, त्याचं लग्न आठ मार्चला साताऱ्यात. मला त्या लग्नात तोंड उघडून हसायचं होतं. बास, एवढंच. ज्या खोलीत सासूबाई तसं बोलल्या होत्या त्याच खोलीत, सगळे दात दाखवून, त्यांच्या शेजारी उभं राहून फोटो काढायचा होता. जानेवारीच्या दोन तारखेला जननींनी शेवटची तार बसवली. म्हणाल्या, "खालचा उजवा सुळा फार हट्टी आहे, आता कुठं वळलाय. आठ आठवडे काही तुटलं नाही तर फेब्रुवारीअखेर काढून टाकू. तुटलं, तर तो परत फिरेल आणि आपण जूनमध्ये भेटू."

आठ आठवडे. आणि मध्ये संक्रांत.

भोगीला मी वाचले. खाली रस्त्यात लोकांनी जुन्या चटया, टोपल्या पेटवल्या होत्या, घरात धूर, आणि वर सासूबाई तीळ लावलेली बाजरीची भाकरी थापत होत्या. मी शिफ्ट आहे असं खोटं सांगून पहाटेची कंपनीची बस धरली आणि कॅन्टीनमध्ये पोंगल खाल्लं. संक्रांतीला गुळपोळी होती. ती दुधात बुडवून बुडवून लापशी करून प्यायले. सासूबाई बघत होत्या. "गुळपोळीची अशी विटंबना मी जन्मात पाहिली नाही," म्हणाल्या.

पण खरी परीक्षा पुढच्या शनिवारी होती. आमच्याकडं दर वर्षी हळदीकुंकू असतं. चेन्नईत राहणाऱ्या चाळीसेक मराठी बायका येतात, आणि त्या येतात त्या सासूबाईंच्या तिळाच्या वडीसाठी. ही वडी म्हणजे काच. मोडली तर आवाज दिवाणखान्यात जातो. त्यासाठी लागतो चिक्कीचा गूळ, साध्या गुळाचा पाक असा कडक होत नाही. तो गूळ इथं सहज मिळत नाही, म्हणून पुण्याहून त्यांची भाची तनया दर वर्षी कुणाबरोबर तरी पाठवते. आणि त्या दिवशी पहिली वडी सासूबाई माझ्या हातावर ठेवतात, सगळ्यांसमोर, मी ती खायची आणि मग बाकीच्यांना वाटायची. तिळगूळ परत करता येत नाही. वर्षभर भांडलेली माणसंसुद्धा तेवढा खातात. नाही खाल्ला तर मी उघड उघड भांडण जाहीर केल्यासारखं, तेही चाळीस साक्षीदारांसमोर.

शुक्रवारी संध्याकाळी सासूबाईंनी गुळाची ढेप माझ्यासमोर ठेवली. "एवढा किसून ठेव. तेवढं तरी जमेल ना?"

आणि तिथं माझ्या डोक्यात किडा वळवळला. माझी आई तिळाचे लाडू साध्या गुळाचे करते. कूट, तीळ, किसलेला गूळ, वळले की झाले. तोंडात विरघळतात. मी खाली वाण्याकडे गेले, साधा गूळ आणला, तोच किसला. पुण्याची ढेप माझ्या कारखान्याच्या पिशवीत, जेवणाच्या डब्याखाली घातली. किसल्यावर दोन्ही गूळ सारखेच दिसतात. उद्या वडी मऊ होईल, माझा सुळा वाचेल, आणि शशिकलाबाईंच्या, म्हणजे आमच्या सासूबाईंच्या, काचेच्या वडीची चाळीस बायकांसमोर माती होईल. यातला शेवटचा भाग मला सगळ्यात जास्त आवडला होता, हे कबूल करते.

सासूबाई बाहेरच्या खोलीत कुंकवाच्या पुड्या बांधत बसल्या होत्या. एकदा मान वर करून माझ्याकडं बघितलं. मग पुढची पुडी बांधायला घेतली.

शनिवारी दुपारी त्यांनी मला स्वयंपाकघरात येऊ दिलं नाही. "तू साडी नेस, मी बघते." पाकाचा वास येत राहिला. मी काळी साडी नेसले, आरशात दात बघितले, सुळ्याला जीभ लावून बघितली. जागेवर होता.

पाच वाजता घर भरलं. हळद, कुंकू, अत्तर, वाण म्हणून स्टीलची गाळणी. आणि मग सासूबाई मोठा डबा घेऊन आल्या. कुणीतरी झाकण उघडून एक वडी मोडली. कट्ट! चिक्कीचा गूळ तर माझ्या पिशवीत होता. वडी कडक होती, दर वर्षीसारखी, काच.

"थांबा," सासूबाई म्हणाल्या. त्यांच्या दुसऱ्या हातात एक छोटा डबा होता. "हा वेगळा आहे. आमच्या क्षमाचा. तारा आहेत ना तिच्या दातांना, कडक चालत नाही. तिच्यासाठी मुद्दाम मऊ केल्यात."

"अगं बाई!" एक जण म्हणाली. "अशी सासू मिळायला भाग्य लागतं."

मी डब्यात बोट लावलं. वडी खरंच मऊ होती, बोट रुतत होतं. चार वर्षांत त्या बाईनं माझ्यासाठी वेगळं असं पहिल्यांदाच काही केलं होतं. मला एकदम लाज वाटली. पिशवीतली ढेप आठवली, त्यांची फजिती करायला निघालेली मी आठवले, आणि डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं, सगळ्यांनी बघितलं. मी अख्खी वडी तोंडात टाकली.

पहिल्याच चाव्याला कळलं. ती मऊ नव्हती, चिवट होती. वरचे-खालचे दात एकमेकांना चिकटले. मी तोंड उघडायला गेले, वडी सुळ्याला धरून ताणली गेली आणि आत टिक् असा आवाज झाला. तो फक्त मला ऐकू आला. जिभेवर काहीतरी बारीक, टोकदार आलं.

"कशी झालीय?" सासूबाईंनी विचारलं. बायका बघत होत्या.

मी ओठ मिटले, मान डोलावली आणि डबा घेऊन सगळ्यांना काचेच्या वड्या वाटल्या. सगळा वेळ ती कडी जिभेखाली होती.

साडेसातला शेवटची बाई गेली. मी स्वयंपाकघरात गेले आणि कडी त्यांच्यासमोर ओट्यावर ठेवली. त्यांनी चष्मा लावून ती नीट बघितली.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणाले.

"चिक्कीचा गूळ किसणीवर खरखरतो," त्या म्हणाल्या. "तुझा येत नव्हता आवाज. चाळीस वर्षं ऐकतेय मी. ढेप तुझ्या पिशवीतून काढून घेतली. वड्या त्याच्याच केल्या."

"आणि माझ्या?"

"तुझ्या तुझ्याच गुळाच्या. साध्या गुळाचा पाक जास्त चढवला की तो चिवट होतो, ओढतो, हे तुझ्या आईनं शिकवलं नाही? मला वाटलं, तुला तोच गूळ हवाय. किसलास तूच."

"पाक चढवला तुम्ही."

"हो," त्या म्हणाल्या, आणि कढई घासायला घेतली.

मला त्यांच्या अंगावर ओरडायचं होतं. पण ओरडून सांगणार काय? हेरंबला काय सांगू, की मी तुझ्या आईची चोरून फजिती करणार होते आणि तिनं ती माझी केली? मला भयंकर राग आला होता, आणि त्यातला निम्मा माझा माझ्यावरच होता. त्या खोबऱ्याच्या तुकड्याचं मी कुणालाही सांगू शकत होते. या वडीचं नाही.

सोमवारी संध्याकाळी जननींनी सुळा बघितला, तार काढली, पुन्हा पहिल्यासारखी बारीक तार घातली. "काय खाल्लं?" म्हणाल्या. मी म्हटलं, तिळगूळ. त्यांनी वहीत जून लिहिलं.

मंगळवारी पहाटे पाचला उठले तर ओट्यावर वाफ होती. श्रीरंजनी मामींचं इडलीपात्र आमच्या शेगडीवर होतं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा. सासूबाईंनी ताटलीत चार इडल्या काढल्या, वर तूप घातलं आणि ताटली माझ्यासमोर सरकवली. दिनदर्शिकाही बाजूला झाली होती, यादी पुन्हा दिसत होती.

"खा सावकाश," त्या म्हणाल्या. आवाजात रागाचा लवलेशही नव्हता. "आता काय घाई आहे? शार्दूलच्या लग्नात तोंड मिटून बस. सवय आहे तुला."

बस यायला वीस मिनिटं होती. इडल्या चांगल्या झाल्या होत्या. मी चारही खाल्ल्या, तोंड मिटून.