झाकण पडल्याचा आवाज

वाहत्या पाण्या रे, कुठं तुझं गाव?
जाता जाता आईपाशी घेशील का माझं नाव?

हा आवाज मिस्त्रींनी पहिल्यांदा ऐकला तो पाइपातून. तेव्हा ते तरुण होते. कुणाच्या तरी सिंकखाली आडवे होऊन, उभ्या पाइपाला कान लावून पाणी कुठं अडतंय ते ऐकत होते. पाणी राहिलं बाजूला, वरच्या मजल्यावरून गाणंच उतरत आलं. वर मामाकडे राहणारी एक पोरकी मुलगी भांडी घासत होती. पाइप मोकळा झाला तरी मिस्त्री उठेनात, तेव्हा घरमालकीण म्हणाली, "डोळा लागला की काय हो?"

पुढं त्याच मुलीशी त्यांचं लग्न झालं आणि ते गाणं त्यांच्या स्वतःच्या ओट्यावर नांदायला आलं.

आज सकाळीही ती ओट्याशी उभी होती, पाठमोरी. खांदे किंचित डुलत होते.

"हल्ली गात नाहीस तू," मिस्त्री चहाचा कप खाली ठेवत म्हणाले.

खांदे थांबले. ती वळली, क्षणभर त्यांच्याकडे बघत राहिली. मग जवळ येऊन एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "वय झालं आता. गळा बसला."

तेवढ्यात ती हात पुसत आत धावली, म्हणजे फोन वाजला असणार. हल्ली फोन तीच घेई. कामावरही बरोबर येई. "घरात बसून माश्या मारू का? तुमची बॅटरी तरी धरते." ती का येते, हे मिस्त्री विचारत नसत. कान गेले, हे एकदा तोंडातून निघालं की ते खरं होणार होतं. सगळी वस्ती त्यांना 'कानानं दुरुस्ती करणारा' म्हणून ओळखायची. कानच नाही म्हटल्यावर कोण बोलावणार?

"मास्तरीणबाईंचा फोन," ती समोर येऊन म्हणाली. "मागच्या आठवड्यात सिंकखाली ग्राइंडर बसवलात ना, तिथं तळं झालंय. जाम भडकल्यात."

मास्तरीणबाई दारातच फडकं घेऊन उभ्या होत्या. "या! पोहायला या!"

मिस्त्रींनी सिंकखालचं कपाट उघडलं आणि आत डोकं घातलं. खरकटं दळणारा नवा ग्राइंडर, शेजारी भांडी धुण्याच्या मशीनची जाड नळी, कोपऱ्यात पाण्याच्या फिल्टरची बारीक नळी. सगळ्यांचं सांडपाणी एकाच वाकड्या पाइपातून बाहेर जायचं.

"तीन जावा आणि मोरी एक," मिस्त्री म्हणाले. "कोण कुरकुरतंय, ते एकेकीला बाजूला घेऊन विचारायला हवं."

फिल्टरची नळी त्यांनी काढून बादलीत सोडली. सिंक काठोकाठ भरून एकदम मोकळं केलं. पाणी गरगरत गेलं. ग्राइंडर फिरवला, तोही साफ. मग भांड्यांचं मशीन पाणी सोडायला लावलं, तशी जाड नळी फुगली, ताठ झाली आणि जोडाच्या कडेनं चिळकांडी उडाली.

त्यांनी मशीन बंद करून ती नळी ग्राइंडरच्या तोंडातून ओढून काढली. बायकोनं बॅटरी तिकडं वळवली. आत झाकण तसंच होतं. एका कडेनं चेपलेलं, पण जागच्या जागी.

नव्या ग्राइंडरला बाजूच्या तोंडात हे झाकण असतंच. नळी जोडायच्या आधी हातोडीनं ते आत पाडायचं आणि वरून हात घालून काढून घ्यायचं. मिस्त्री ते कायम आवाजावरून ओळखत. आत पडलं की टण्ण वाजतं. त्या दिवशी टण्ण वाजलं नव्हतं. फिल्टरची मोटर गुणगुणत असेल, तिच्यात बुडालं असेल, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. पडलंच असेल, मागाहून काढू म्हणाले, आणि हात घालून बघायचं राहून गेलं. ती बरोबर नव्हती त्या दिवशी, तापानं पडून होती.

"मिस्त्री, मी काय विचारतेय?" मास्तरीणबाई मागून म्हणाल्या. "अहो, भिंतीशी बोलतेय का मी?"

मिस्त्री झाकणाकडेच बघत राहिले.

"बाई, त्यांना नका बोलू," बायको चटकन म्हणाली. "त्या दिवशी मला ताप होता. यांचा सगळा जीव घराकडं. म्हणून राहिलं असेल."

"असं होय," मास्तरीणबाईंचा आवाज खाली आला. "मग आता बरं आहे ना?"

मिस्त्रींना फक्त बॅटरीचा उजेड झाकणावरून सरकलेला दिसला.

त्यांनी पेचकस झाकणावर टेकवून हातोडी मारली. मान वळवून बायकोकडे पाहिलं. तिनं मान हलवली. नाही. पुन्हा मारली. आता तिनं डोळे मिटून उघडले. पडलं. वरून हात घालून त्यांनी झाकण काढलं, सगळ्या नळ्या जोडल्या, मशीन पुन्हा चालू केलं. सवयीनं पाइपाला कान लावला. गालाला पाणी वाहत असल्याची थरथर लागली, बाकी काहीच नाही.

जिना उतरताना मिस्त्री मधल्या पायरीवर बसले. ती दोन पायऱ्या पुढं गेली होती. मागं पाऊल वाजेना म्हणून वळली, परत वर आली, शेजारी टेकली. तिनं काहीतरी विचारलं असावं. मिस्त्रींनी मूठ उघडली. आत ते चेपलेलं झाकण होतं.

"सकाळी तू गात होतीस ना?"

तिनं हातातली बॅटरी बाजूला ठेवली. मग तिनं हळूच होकार दिला.

मिस्त्रींनी झाकण तिच्या तळहातावर ठेवलं आणि तिची बोटं त्यावर मिटली.

"मला ऐकू येत नाही गं," ते म्हणाले. "तुझं गाणंसुद्धा."